सात नंबरचा खांब

खोक्यावर छापलंय : उणे चाळीस ते अधिक पंचाहत्तर.
एलेउतेरिओ हसतो. म्हणतो,
याची आई आमच्याच गावची असणार.

हुहुयच्या या उंचीवर नट आवळायचा
म्हणजे तीन फेरे, मग श्वास, मग अर्धा फेरा.
साल्ताहून आणलेल्या शिडीखाली मीठ,
नजर पोचेल तिथवर मीठ,
भेगाभेगांनी वाळलेलं, बुटाखाली कुरकुरणारं,
आणि मधूनच तळ्यांचे हिरवे-निळे चौकोन.
खालचं खारं पाणी उपसून त्यांत वर्षभर उन्हाला ठेवायचं,
उरेल त्याच्या कुठेतरी लांब बॅटऱ्या होतात.

स्विच वीतभर. पंखा नाही,
फिरणारं काहीच नाही, म्हणून अडकणारंही नाही.
अंगावर अ‍ॅल्युमिनियमच्या बरगड्या.
रुळावर टेकवला, खालून दाबला : टक.
आयुष्यात एवढाच एक आवाज करतो तो.

केबल पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा,
म्हणजे पाणी आलंच तर वळणावर थबकून गळून जातं.
इथं पाऊस वर्षातून दोनदा, निएवेस म्हणते.
मग हा झोळ दोन दिवसांसाठी?
हो, दोन दिवसांसाठी.

अर्थिंगचा रॉड भुईनं मुकाट घेतला,
पण मीटर सांगतो एकेचाळीस ओहम.
वरची खपली कोरडी ठणठणीत,
जमीन कानांवर हात ठेवून बसलेली.
निएवेसनं पिशवीतून बाटली काढली.
खणण्याआधी आम्ही हिला पाजतो, ती म्हणाली,
तुम्ही विचारलंच नाहीत.
कोकाची तीन पानं, घोटभर दारू,
हळू आवाजात काहीतरी, जे माझ्यासाठी नव्हतं,
आणि मग पिकअपमधलं कॅनभर पाणी.
अर्ध्या तासानं नऊ.
अहवालात मी लिहिलं : जमीन ओली केली.
दारूनं की पाण्यानं, ते मीटरला विचारू नये.

अँटेनाचं तोंड टेकडीवरच्या मनोऱ्याकडे.
दिवा पिवळा. पिवळा. पिवळा.
मग हिरवा, जणू मघापासून तसाच होता.

पडद्यावर विहिरीची खोली आली :
बारा मीटर चव्वेचाळीस.
एलेउतेरिओनं वही उघडली. सेहेचाळीस, म्हणाला.
मी म्हटलं, सेन्सर नवाकोरा आहे.
तो काही बोलला नाही, टेप घेऊन गेला,
ओल्या खुणेवर अंगठा दाबून परत आला.
सेहेचाळीस.

सेन्सर पाइपाच्या तोंडापासून मोजत होता,
हा काठावर छिन्नीनं केलेल्या खुणेपासून.
एकोणीस वर्षं, रोज रात्री, त्याच खुणेपासून.
मी एका चौकटीत टाइप केलं : अधिक दोन.
एकोणीस वर्षं
दोन सेंटिमीटर होऊन आत गेली.

उद्यापासून रात्री यायचं नाही का?
नाही, मी म्हटलं, गरज नाही.
त्यानं वही मिटली, पुन्हा उघडली,
थेट पहिल्या पानाशी.
नऊ मीटर दहा, म्हणाला. तेव्हा नऊ दहा होतं.
मी चौकट शोधली. पहिल्या पानासाठी
पडद्यावर चौकट नव्हती.
त्याची मोजणी आजपासून.

काळोख पडता पडता उणे सतरा.
हत्यारं मोजून पेटीत, पेटीला कुलूप,
किल्ली निएवेसकडे.
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात, तसं या डब्याचं नाही.
तो चोवीस व्होल्ट खातो
आणि नुसताच जागा राहतो, मिठावर.

उतारावर गाडी वळली
तेव्हा आरशात दोन दिवे होते.
एक हिरवा, खिळून राहिलेला.
दुसरा कुणाच्या तरी हातातल्या बॅटरीचा,
थांबत, श्वास घेत,
विहिरीकडे निघालेला.